डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर टायमिंग बसत नाही? हरिकेन पेट्रोल इंजिनाची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

महिंद्राच्या जुन्या एफसी-१५० ट्रकला किंवा सीजे-३बी जीपला नवा डिस्ट्रिब्युटर (कॉइलची ठिणगी क्रमाने एकेका सिलिंडरच्या प्लगला वाटणारा भाग) बसवला आणि गाडी आधी होती त्याहून वाईट चालायला लागली, अशा गाड्या माझ्याकडे सतत येतात. मालकाने पैसे मोजून नवा भाग आणलेला असतो आणि गाडी मात्र फटके मारत असते. बहुतेक वेळा त्या नव्या भागात काही खोट नसते. एक नंबरचा पिस्टन कुठे आहे हे न बघताच डिस्ट्रिब्युटर फिरवत बसल्यामुळे हे होतं. इंजिन चालू करायचं, कान लावायचा, बॉडी इकडेतिकडे फिरवायची आणि ‘इथे बरं वाटतंय’ म्हणून बोल्ट कसायचा, अशा रीतीने बसवलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, टिकत नाही. आधी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप, मग एक नंबरची जागा, मग टायमिंग. या क्रमाने गेलात तर अर्ध्या दिवसात काम उरकतं.

खालचं सगळं विलीजच्या चार सिलिंडरच्या ‘हरिकेन’ एफ-हेड (इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये) पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. १३४ घन इंचांचं, म्हणजे साधारण २.२ लिटरचं हे इंजिन विलीजने १९५० मध्ये आणलं आणि महिंद्राने आपल्या जीपला आणि पुढे एफसी-१५० ट्रकलाही तेच वापरलं. ज्यांच्या गाडीत नंतर डिझेल इंजिन चढवलंय त्यांना यातलं काही लागू नाही, तिथे डिस्ट्रिब्युटरच नसतो.

लागणारे आकडे आधीच देतो. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम) १-३-४-२. रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरणारा, ठिणगी वाटणारा तुकडा) वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असण्याच्या जागेच्या) ५ अंश आधी. प्लगचा गॅप ०.७५ मिमी. पॉइंटचा गॅप कोणता डिस्ट्रिब्युटर आहे त्यावर अवलंबून: ऑटोलाइट पद्धतीचा असेल तर ०.५० मिमी, लुकास पद्धतीचा असेल तर ०.३५ ते ०.४० मिमी.

लक्षणं: गाडी नेमकं काय करते?

तपासणीला हात घालण्याआधी गाडी नेमकी कशी बिघडलीये ते नीट बघा. ‘टायमिंग गेलंय’ एवढं पुरेसं नाही, कारण प्रत्येक लक्षणाचा रस्ता वेगळा आहे.

स्टार्टर इंजिन फिरवतो, पेट्रोल येतंय, पण इंजिन पकडतच नाही आणि कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाका वाजतो: ठिणगी भलत्याच स्ट्रोकला पडतेय. यालाच आपण ‘१८० अंश उलटं’ म्हणतो.

इंजिन पकडतं, पण नुसतं हलतं, थरथरतं, दोनच सिलिंडरवर चालल्यासारखं वाटतं आणि मधूनमधून फटका मारतं: वायरी उलट्या दिशेने लावल्या आहेत. याबद्दल खाली सविस्तर.

सुरू होताना स्टार्टर अडखळतो, किंवा हँडल मारताना हँडल उलटं झटका देतं: टायमिंग फार पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी फार लवकर पडतेय. चढावर लोड असताना इंजिनातून टणटण आवाज येतो तोही याच कारणाने.

गाडी गुमान चालते, आवाजही मऊ, पण पिकअप नाही, घाटात तापते, पेट्रोल जास्त पिते: टायमिंग मागे आहे. या लक्षणाकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात, कारण गाडी ‘शांत’ चालत असते. ठिणगी उशिरा पडली की जळतं मिश्रण एक्झॉस्टमधून बाहेर जातं, मॅनिफोल्ड लाल होईपर्यंत तापतं आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे ते काम स्वस्तातलं नाही.

ठिणगीच नाही: हा टायमिंगचा प्रश्नच नाही, थेट तिसऱ्या तपासणीवर जा.

बसवल्यावर आठवडाभर छान चालली, मग हळूहळू ढिली पडली: क्लॅम्प सुटलाय, किंवा पॉइंटचा गॅप मिटत चाललाय.

एक: वायरी आणि कॅप. खर्च शून्य

कॅप, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं झाकण, काढा. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा (कॉइलची मधली वायर काढून ती बॉडीला टेकवून ठेवा) आणि रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी वर लिहिलंय म्हणून मानू नका. दुसऱ्या इंजिनांवर काम केलेले मिस्त्री सवयीने घड्याळाच्या दिशेने वायरी लावतात आणि इथे फसतात. एक नंबर बरोबर ठेवून बाकीच्या उलट दिशेने लावल्या, तर कॅपवर क्रम १-२-४-३ असा होतो. म्हणजे १ आणि ४ जागेवर, ३ आणि २ एकमेकांच्या जागी. इंजिन दोन सिलिंडरवर कसंबसं उठतं आणि बाकीचे दोन त्याला उलटे धक्के देतात. वर दुसरं लक्षण सांगितलं ते हेच. ३ आणि २ ची अदलाबदल केली की गाडी ताबडतोब सुधारते.

रोटर फिरतच नसेल, इंजिन मात्र फिरतंय, तर हात थांबवा. स्टार्टर पुन्हा मारू नका. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरला स्वतःचा गिअर नसतो, तो ऑइल पंपाच्या शाफ्टच्या टोकाला जोडून फिरतो. रोटर थांबलाय याचा एक अर्थ त्याच्या शाफ्टखालची, पंपाच्या शाफ्टमध्ये बसणारी जीभ तुटली असा होतो, दुसरा अर्थ ऑइल पंपाचा गिअरच गेलाय असा होतो. दुसऱ्या बाबतीत इंजिन तेलाविना फिरतंय. इथून पुढे ते काम तुमचं नाही, चांगल्या फिटरला बोलवा.

कॅपच्या आत मधला कार्बन आहे का, तो स्प्रिंगवर हलतो का बघा. नव्या कॅपमध्ये तो पॅकिंगमध्येच पडून राहिलेला मी पाहिलाय. रोटर आणि कॅप एकाच प्रकारचे हवेत. जुना रोटर नव्या शाफ्टवर बसतो, पण उंचीत फरक असेल तर एकतर कॅपला घासतो किंवा ठिणगीला लांब उडी मारावी लागते. कॅपला केसाएवढी तडा असेल तर पावसाळ्यात ती हमखास त्रास देणार.

कॅपवरची ‘एक नंबरची जागा’ हा सगळ्यात मोठा सापळा आहे. विलीजच्या मूळ पुस्तकात एक नंबरची वायर कॅपच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या, साधारण पाच वाजताच्या टॉवरला (वायर खोचायच्या उंचवट्याला) दाखवलेली असते. तुमचा नवा डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या बनावटीचा असेल तर कॅपच्या क्लिपा, बॉडीची ठेवण, सगळंच वेगळं. एक नंबर सिलिंडर कम्प्रेशनला वर आला असताना रोटरचं तोंड जिकडे, तोच टॉवर एक नंबरचा. जुन्या कॅपच्या वायरी जशाच्या तशा नव्या कॅपवर चढवल्या की इथेच घोळ होतो. म्हणून जुना डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी कॅप उघडून रोटरचा मोबाइलवर फोटो काढा आणि बॉडीपासून ब्लॉकपर्यंत खिळ्याने एक रेघ मारा.

दोन: पॉइंटचा गॅप. फीलर गेजचे पैसे

टायमिंग लावून झाल्यावर ‘आता जरा पॉइंट बघू’ म्हणणारे बरेच. ते काम उलट्या क्रमाने होतं. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग आपोआप बदलतं: गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं, गॅप कमी झाला तर टायमिंग मागे येतं. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर, आणि पुढे कधीही गॅपला हात लावला तर टायमिंग पुन्हा तपासायचं.

नवे पॉइंट गंजू नयेत म्हणून त्यांना तेलकट थर दिलेला असतो. तो थिनर किंवा पेट्रोलात बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा, नाहीतर पॉइंट लवकर काळे पडतात. रोटरखालच्या कॅमच्या टोकावर पॉइंटची फायबरची टाच येईल असं इंजिन फिरवा. टाच बरोबर टोकावर असतानाच गॅप मोजा. फीलरची पात अगदी हलकी अडखळून सरकली पाहिजे. मग कॅमवर काडीच्या गुलाएवढं ग्रीस लावा. ग्रीस नसेल तर टाच झिजते, गॅप मिटतो, टायमिंग मागे येत जातं. ‘आठवडाभर छान, मग ढिली’ या तक्रारीचं उत्तर कित्येकदा या चिमूटभर ग्रीसमध्ये असतं.

डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला बोटांनी धरून आडवं हलवून बघा. नव्याला जाणवण्याइतका प्ले असायला नको. असेल तर चारही टोकांवर गॅप वेगवेगळा येईल, आणि मग कितीही मेहनत घेतली तरी टायमिंग स्थिर राहणार नाही. असा भाग दुकानात परत करा.

तीन: करंट पॉइंटपर्यंत येतो का?

एक साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प करून घ्या. बल्ब, दोन वायरी, दोन क्लिपा, बस. हाच पुढे टायमिंगलाही लागणार आहे. त्याची एक क्लिप डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या लो-टेन्शन टर्मिनलवर (कॉइलकडून येणारी बारीक वायर लागते तिथे), दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर. किल्ली चालू करा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवा. पॉइंट मिटले की दिवा विझला पाहिजे, उघडले की लागला पाहिजे.

दिवा कधीच लागत नसेल तर एकतर कॉइलपर्यंत करंट नाही, किंवा पॉइंटची वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. लुकास पद्धतीच्या पॉइंटमध्ये पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि आत येणारी वायर या तिन्हींचं टोक एकमेकांना भिडलं पाहिजे, पण खुंटाला नको, मध्ये प्लॅस्टिकचं बुश हवं. ते बुश चुकीच्या क्रमाने घातलं की सगळी वायरिंग कायमची अर्थ होते, म्हणजे बॉडीला जोडली जाते. नवा डिस्ट्रिब्युटर बसवून गाडी ठणठणीत मुकी, यामागे हे कारण मी वारंवार पाहिलंय.

दिवा सतत लागलेलाच असेल तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा पॉइंटच्या प्लेटला अर्थ मिळत नाही. आतली विणलेली छोटी अर्थ वायर तुटली का बघा. दिवा नीट लागतो-विझतो, तरी ठिणगी अगदी दुबळी आणि पॉइंटवर मोठी निळी चमक दिसत असेल तर कंडेन्सर बदलून बघा. तो स्वस्त आहे.

किल्ली चालू ठेवून गप्पा मारत बसू नका. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून सतत करंट जातो आणि कॉइल तापून खराब होते.

चार: एक नंबरचं कम्प्रेशन शोधणं

इथे घाई करायची नाही. गाडी सपाट जागेवर, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना दगड. चारही प्लग काढा, इंजिन हलकं फिरतं. एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून ठेवा आणि हँडलने इंजिन पुढच्या दिशेने फिरवा, म्हणजे समोरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने. आतली हवा अंगठा ढकलायला लागली की तो कम्प्रेशन स्ट्रोक. हवा ढकलली गेली नाही आणि पिस्टन वर आला, तर तो एक्झॉस्टचा स्ट्रोक आहे, आणखी एक पूर्ण फेरा मारा.

चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, ठिणगी एकदाच हवी. पुलीवरची खूण मात्र दोन्ही वेळा तीच दिसते. नुसती खूण जुळवून टायमिंग लावणाऱ्यांची गाडी निम्म्या वेळा १८० अंश उलटी निघते ती यामुळे.

अंगठ्याशिवायही एक उपाय आहे. एफ-हेड इंजिनात वरच्या कव्हरखाली फक्त इनटेकचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) असतात. एक नंबरचा रॉकर खाली दबून पूर्ण वर आला, की त्यानंतर पिस्टन जो वर येतो तोच कम्प्रेशनचा. दोन्ही पद्धतींनी एकदा पडताळून बघितलं तर मन निश्चिंत होतं.

आता खूण. काही इंजिनांना समोरच्या पुलीवर खाच आणि टायमिंग कव्हरवर खुणा असतात, जुन्यांना फ्लायव्हीलवर असतात आणि त्या हाउसिंगवरच्या छोट्या झाकणीतून बघाव्या लागतात. वर्षानुवर्षांचं तेल आणि माती असते, ब्रशने घासून खाचेत पांढरा खडू किंवा रंग भरा. ५ अंशांची खूण समोर येईपर्यंत इंजिन पुढेच फिरवत आणा. खूण चुकून पुढे गेली तर तेवढंच मागे आणू नका. बरंच मागे घ्या आणि पुन्हा पुढच्या दिशेने या, म्हणजे टायमिंग गिअरमधला प्ले नेहमी एकाच बाजूला राहतो.

ज्या गाडीत फ्लायव्हील किंवा पुली कधीतरी दुसऱ्या इंजिनाची बसवलेली आहे, तिथे खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. कम्प्रेशनच्या वेळी खूण कुठेतरी भलतीकडेच दिसत असेल तर खरा टीडीसी पिस्टन स्टॉप लावून शोधावा लागतो. प्लगच्या भोकातून लोखंडी सळई घालून अंदाज घेऊ नका, सळई अडकली की पिस्टन किंवा व्हॉल्व्हवर बेतते. हे ज्याच्याकडे साहित्य आहे त्याला करू द्या.

पाच: डिस्ट्रिब्युटर नीट बसलाय का?

डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टखाली एक जीभ असते आणि ऑइल पंपाच्या शाफ्टला तशीच खाच. दोन्ही मधोमध नसतात, थोड्या एका बाजूला असतात, म्हणजे डिस्ट्रिब्युटर एकाच रीतीने बसतो. बॉडी ब्लॉकला पूर्ण टेकत नसेल तर जीभ खाचेत गेलेली नाही. रोटर हाताने हळू फिरवत बॉडी हलकी दाबा, ती आपसूक खाली बसते. हातोडी नको. क्लॅम्पचा बोल्ट आवळून खाली ओढायचा प्रयत्नही नको, जीभ तुटते.

मग प्रश्न येतो: एकाच रीतीने बसतो तर टायमिंग १८० अंश उलटं किंवा भलतीकडेच कसं होतं? दोन वाटांनी. कधी नव्या डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर खालची जीभ उलटी पिन केलेली येते. साताऱ्याकडच्या एका मंडपवाल्यांची एफसी-१५० अशीच आली होती, दोन गॅरेज फिरून. सगळं जागेवर, ठिणगी निळी, पेट्रोल भरपूर, आणि प्रत्येक वेळी कार्बोरेटरमधून फटका. जुना आणि नवा डिस्ट्रिब्युटर शेजारी शेजारी आडवे ठेवून दोघांची जीभ एका रेषेत आणली, तर एकाचा रोटर आपल्याकडे बघत होता, दुसऱ्याचा भिंतीकडे. तेव्हा नवा भाग बसवायच्या आधी ही तुलना करा, पाच मिनिटंही लागत नाहीत. उपाय सोपा आहे: १ आणि ४ ची वायर एकमेकांच्या जागी, ३ आणि २ ची एकमेकांच्या जागी. इंजिनाला त्याने काही फरक पडत नाही. फक्त कॅपवर रंगाने एक नंबर लिहून ठेवा, पुढच्या माणसाची पंचाईत नको.

दुसरी वाट म्हणजे मधल्या काळात ऑइल पंप काढून परत बसवलेला असणं. पंपाचा गिअर कॅमच्या गिअरमध्ये कुठल्याही दात्यावर बसू शकतो, आणि एक-दोन दात्यांनी चुकला की रोटर कुठल्याच टॉवरकडे धड बघत नाही, दोघांच्या मध्ये बघतो. बॉडी फिरवून टायमिंग लावायला गेलात तर ती ब्लॉकला किंवा दुसऱ्या कशाला तरी अडते. अशा वेळी वायरी एकेक जागा पुढेमागे करून निभावता येतं का ते बघा. जमलं नाही तर पंप उतरवून नीट लावणं हाच मार्ग, आणि ज्याने तो आधी कधी उतरवला नाही त्याने ते काम अंगावर घेऊ नये. तेलाचा दाब त्या पंपावर आहे.

सहा: दिव्याने टायमिंग

इंजिन ५ अंशांच्या खुणेवर, एक नंबर कम्प्रेशनवर, गॅप लावलेला. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्युमची डबी असेल तर तिची नळी काढून टोक बंद करा. टेस्ट लॅम्प वर सांगितल्याप्रमाणे जोडा, किल्ली चालू, क्लॅम्पचा बोल्ट इतकाच सैल की बॉडी हाताने फिरेल पण स्वतःहून हलणार नाही.

बॉडी आधी रोटरच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरवा. दिवा विझेल, पॉइंट मिटले. आता घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश, नखाएवढं नखाएवढं. दुसऱ्या हाताच्या बोटाने रोटर घड्याळाच्या दिशेने हलका दाबून धरा, ड्राइव्हमधला ढिलेपणा निघून जातो. ज्या क्षणी दिवा लागतो तिथे थांबा. तीच पॉइंट उघडण्याची जागा, म्हणजेच ठिणगीची. दिवा लागून तुम्ही आणखी थोडं पुढे गेलात तर परत विझेपर्यंत मागे या आणि पुन्हा करा.

बोल्ट कसा. कसताना बॉडी सरकते, म्हणून कसून झाल्यावर इंजिनाला हँडलने दोन फेरे द्या आणि पुन्हा खुणेवर या: खूण जुळते त्याच क्षणी दिवा लागतो का? लागत असेल तर काम झालं. किल्ली बंद, प्लग लावा, कॅप बसवा.

पुढे कधी थोडा फरक करायचा झाला तर लक्षात ठेवा: बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जातं, उलट फिरवली की मागे येतं.

गाडी सुरू करताना एअर क्लीनर जागेवर हवा. कार्बोरेटरमधून फटका बसला तर आगीची ठिणगी बाहेर येते आणि एफसी-१५० मध्ये इंजिनाचा डबा थेट केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या मांडीशी असतो. हाताशी फायर एक्स्टिंग्विशर असू द्या. हँडल मारत असाल तर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका. टायमिंग पुढे असेल तर हँडल उलटं फिरतं आणि अंगठा किंवा मनगट मोडतं.

सात: टायमिंग लाइट

दिव्याने लावलेलं टायमिंग गाडी चालण्याइतकं नक्की बरोबर असतं. पण टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीला चमकून फिरती खूण थांबल्यासारखी दाखवणारा दिवा) मिळत असेल तर कुणा ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणा. त्याची क्लिप एक नंबरच्या वायरवर, इंजिन कमी आयडलवर, साधारण ६०० आरपीएम. पंखा आणि बेल्टपासून कपडे, हात दूर. लाइटच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो, तो थांबलेला नसतो.

आयडलला खूण ५ अंशांवर दिसली पाहिजे. मग रेस वाढवा. खूण हळूहळू पुढे सरकली पाहिजे, रेस सोडली की परत आली पाहिजे. सरकलीच नाही तर डिस्ट्रिब्युटरमधली, रेस वाढली की टायमिंग पुढे नेणारी वजनं जाम आहेत, आणि अशी गाडी आयडलला उत्तम आणि रस्त्यावर मेंगळट चालते. खूण पुढे जाते पण परत येत नाही तर स्प्रिंग तुटलीये. खूण एका जागी न राहता सतत उड्या मारत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश किंवा इंजिनाचे टायमिंग गिअर झिजलेत. डिस्ट्रिब्युटर नवा आणि घट्ट असेल तर संशय गिअरवर, आणि समोरचं कव्हर उघडायचं काम फिटरचंच.

‘टणटण येईपर्यंत पुढे, मग थोडं मागे’ ही पद्धत सोडा

जुन्या मिस्त्रींची ही पद्धत त्यांच्या काळी ठीक होती. टायमिंग पुढे घेत जायचं, चढावर इंजिन टणटण करायला लागलं की थोडं मागे घ्यायचं. तेव्हाचं पेट्रोल हलक्या ऑक्टेनचं होतं, त्यामुळे इंजिन बोलून दाखवायचं. आज पंपावर मिळणारं पेट्रोल ९१ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं, आणि हरिकेनचं कम्प्रेशन साधारण ७ ला १. हे इंजिन या पेट्रोलवर सहजासहजी टणटण करतच नाही. मग माणूस आवाजाची वाट बघत टायमिंग पुढे पुढे नेत राहतो. आवाज येत नाही, पण स्टार्टरला उलटे झटके बसतात, त्याचा बेंडिक्स (फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकणारा गिअर) तुटतो, बेअरिंगवर विनाकारण मार पडतो. आवाज नाही म्हणजे टायमिंग बरोबर, असं आज म्हणता येत नाही. ५ अंशांवर लावा आणि खंबाटकी किंवा कसाऱ्यासारख्या चढावर लोड घेऊन बघा. दोन अंश इकडेतिकडे करून गाडी जास्त मोकळी ओढत असेल तर चालेल, त्यापलीकडे नको.

कुठे थांबायचं

रोटर न फिरणं, भलतीकडे दिसणारी खूण आणि पंपाचा गिअर, या तीन जागा वर आल्याच. आणखी दोन आहेत. सगळं नीट लावूनही एखाद्या सिलिंडरवर अंगठा ढकलला जात नसेल, तर टायमिंगचा नाद सोडा आणि कम्प्रेशन टेस्ट करून घ्या. तो व्हॉल्व्हचा किंवा रिंगचा प्रश्न आहे, डिस्ट्रिब्युटर त्याला काही करू शकत नाही. आणि सगळ्या तपासण्या दोनदा क्रमाने करूनही कार्बोरेटरमधून फटके येतच असतील, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत राहू नका. पेट्रोलची वाफ, गरम मॅनिफोल्ड आणि फटका एकत्र आले की गाडी पेटते. फिटरला बोलावताना तोवर काय काय तपासलं आणि काय दिसलं हे कागदावर लिहून द्या, त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात.

गाडी नीट चालायला लागली की बॉडी आणि ब्लॉकवर नवी रेघ मारा. साधारण ५०० किलोमीटरनंतर कॅप उघडून पॉइंटचा गॅप पुन्हा मोजा. नवी टाच सुरुवातीला बसते, गॅप थोडा मिटतो. तो परत लावा, आणि लगेच दिव्याने टायमिंग बघा.